मेलबर्नला परतताना गोधडीचे सामान: काय न्यावे आणि काय सोलापुरातच ठेवावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीत तुम्ही मेलबर्नहून सोलापूरला माहेरी आलात, चार-साडेचार महिने आत्यांच्या शेजारी बसून गोधडी शिवायला शिकलात, आणि आता पाडवा झाल्यावर परत निघायचे तर गोळा झालेले शिवणाचे सामान काट्यावर ४१ किलो भरते आहे. तिकिटावर मोठ्या बॅगेसाठी ३० किलो आणि हातातल्या बॅगेसाठी ७ किलो एवढीच मुभा आहे. सामानात आजीची तीन इरकली लुगडी, आई-काकूंची अकरा सुती पातळे, पणजीचे जरीचे एक लुगडे, पिंजून घेतलेला ५ किलो कापूस, शिंप्याकडून आणलेले चिंध्यांचे गाठोडे, दोन सोलापुरी चादरी, हातमागाचे नवे कापड, हाताने फिरवायचे जुने शिलाई मशीन, सुया, दाभण, कात्र्या, रिळे आणि आत्यांबरोबर सुरू केलेली, निम्मी शिवून झालेली गोधडी आहे. यातले काय न्यावे, कसे न्यावे आणि मेलबर्नच्या विमानतळावर काय अडेल, असे तुम्ही विचारले आहे.

मी सोलापुरात तीस वर्षांहून अधिक काळ गोधड्या शिवते आणि शिकवते. माझ्याकडे शिकलेल्या बऱ्याच मुली परदेशी राहतात, आणि लेकीच्या बाळंतपणासाठी मी स्वतः मेलबर्नला दुपट्यांचा ढीग घेऊन जाऊन आले आहे. त्या अनुभवावरून सांगते की वजनाचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा अवघड नाही. तिथे जे विकत मिळते ते इथून न्यायचे नाही आणि जे जगात कुठेच विकत मिळत नाही ते एक सुतही मागे ठेवायचे नाही, असे ठरवले की ४१ किलोचे १६-१७ किलो आपोआप होतात.

विकत न मिळणारी गोष्ट म्हणजे वापरून मऊ झालेले सुती कापड. नवे कापड कितीही चांगले असले तरी ते शेकडो धुण्यांतून गेलेले नसते. आजीच्या लुगड्याला जो मऊपणा आला आहे तो दगडावरच्या धुण्याने, उन्हाने आणि अंगावरच्या वापराने आला आहे, आणि गोधडी अंगाला लागून बसते ती त्या मऊपणामुळेच. म्हणून चौदाही सुती लुगडी-पातळे जायलाच हवीत. माझ्या काट्यावर नऊवारी इरकल साधारण पाऊण किलो आणि पाचवारी सुती पातळ त्याहून बरेच कमी भरते, म्हणजे सगळी मिळून ७ किलोच्या आसपास राहतात. त्यातही फॉल लावलेला असेल तर तो उसवून काढावा. फॉल बहुधा कृत्रिम धाग्याचा असतो, गोधडीत तो ताठ राहतो आणि धुतल्यावर कापडाबरोबर आटत नाही.

कापूस मात्र नेऊ नका. आपल्या गोधडीला मुळात कापूस लागतच नाही. ती थरांवर थर घालून, धावदोऱ्याने बांधून होते, आणि कापूस भरला की तिची रजई होते. तुम्हाला मेलबर्नच्या थंडीसाठी जाड पांघरूण हवे म्हणून तुम्ही कापूस पिंजून घेतलात हे समजते, पण जून ते ऑगस्टच्या त्या थंडीसाठी तिथेच पांघरुणात भरायचे लोकरीचे आणि कापसाचे तयार थर मापाने कापून मिळतात, आणि लोकर तर त्या देशाचीच आहे. शिवाय प्रक्रिया न झालेला कापूस, ज्यात सरकीचा एखादा तुकडा राहून गेलेला असू शकतो, तो ऑस्ट्रेलियाच्या जैवसुरक्षा तपासणीत उगाच संशयाला जागा देतो. ५ किलो इथेच कमी झाले. आईच्या दोन गाद्या त्यात पुन्हा भरून होतील.

शिंप्याच्या गाठोड्याकडे जरा बारकाईने बघा. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे इथल्या चिंध्यांत टेरीकॉट आणि पॉलिस्टर फार असते. रंग सुंदर दिसतात, हाताला चटकन कळत नाही, आणि गोधडी झाल्यावर तेवढेच तुकडे फुगून वर येतात. परीक्षा सोपी आहे. प्रत्येक प्रकारच्या कापडाचा एक दोरा ओढून चिमट्यात धरावा आणि मोरीत उभे राहून त्याला काडी लावावी. सुताचा दोरा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मागे करडी राख राहते, जी बोटांनी चोळली की उडून जाते. पॉलिस्टरचा दोरा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा, कडक मणी उरतो. मिश्र कापडात राखही दिसते आणि तिच्यात खडेही लागतात. मणी किंवा खडे उरले ते सगळे बाजूला काढा. माझा अंदाज आहे की सात किलोंतले दीड किलोच हाती लागेल, आणि तेवढे पुरते. वरच्या थराला ठिगळे लागतात, ढीग लागत नाही.

सोलापुरी चादरीबद्दल थोडे स्पष्ट लिहिते. तिला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती आपल्या गावाची ओळख आहे आणि ती न्यायची इच्छा होणे साहजिक आहे. पण गोधडीचा थर म्हणून ती नेत असाल तर नेऊ नका. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेले ते जाड कापड आहे, त्यातून हातसुई एकदा जाते, दहादा जाते, नंतर मनगट दुखू लागते आणि टाका लांब पडायला लागतो. पांघरायला एक चादर न्या, दुसरी माहेरी ठेवा.

मशीनचे उत्तर एका वाक्यात देते: दहा-बारा किलोचे बिडाचे धूड, ज्याचे काम गोधडीत नाही, ते आईकडेच राहू द्या. पुढे कधी विजेवर चालणारे न्यावेसे वाटले तर भारत आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांत वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झची आहे, फक्त पिनेचा आकार वेगळा आहे.

पणजीच्या जरीच्या लुगड्याविषयी मात्र मला काळजी वाटते. ते शंभर वर्षांचे आहे असे घरात सांगतात, असे तुम्ही लिहिले आहे. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे आणि शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. घरातल्या सांगण्यावरून वय ठरत नाही हे खरे, पण सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे तुम्हीच ‘शंभर वर्षांचे’ असे म्हणालात तर तो पुरातत्त्व खात्याचा दाखला मागू शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते लुगडे कापायचे नाही. जुनी जर घडीवर तुटते आणि रेशीम तिच्याबरोबर चिरते, त्यामुळे ते गोधडीत टिकणारही नाही. जुन्या धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळी करून ते आईच्या कपाटात ठेवावे आणि घडी कधीच घालू नये. आजीच्या सुती लुगड्यांना हा कायदा लागत नाही, त्यांची चिंता नको.

आता जिथे खरे अडते त्याकडे येते, आणि तिथे वजनाचा काही संबंध नाही. मेलबर्नला उतरल्यावर तुमच्या बॅगेतले कापड कोणी आक्षेपार्ह मानणार नाही. धुतलेले, विणलेले सुती कापड तिथे चालते. आक्षेप असतो तो कापडाबरोबर नकळत गेलेल्या जिवंत गोष्टींना. आपल्या घरांत जुनी लुगडी कशी ठेवलेली असतात ते आठवा. घड्यांमध्ये कडुलिंबाचा पाला, वेखंडाचा तुकडा, दोन लवंगा, एखादी डांबरगोळी, कापराची वडी. लिंबाचा पाला आणि वेखंड या वनस्पतीच आहेत, त्यामुळे त्यांचा चुरादेखील राहता कामा नये. डांबरगोळ्या आणि कापूर हे ज्वालाग्राही पदार्थ म्हणून विमानाच्या सामानात चालत नाहीत. म्हणून प्रत्येक लुगडे पूर्ण उलगडून, गच्चीवर दोघींनी दोन टोके धरून झटकावे आणि काठाच्या दुमडीत, पदराच्या गाठीत, फॉलच्या जागी बोट फिरवून पाहावे.

तुमच्या गोधडीच्या थरासाठी आत्यांनी गावाकडच्या घरातून काही कापड आणले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. आपल्याकडे वाकळा आणि जुने कपडे ज्वारीच्या पोत्यांवर रचून ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे ते कापड कुठे ठेवलेले होते हे आत्यांना नक्की विचारा. धान्यात पडणारा खापरा भुंगेरा हा किडा ऑस्ट्रेलियाला सर्वाधिक नको असलेल्या किड्यांपैकी आहे. त्याची अळी फटीत किंवा शिवणीत दडून, काही न खाता फार दीर्घ काळ तग धरते. त्याच्यामुळेच २०२० सालापासून तांदूळ, हरभरे, जिरे, कच्चे शेंगदाणे अशा जिनसा प्रवाशांच्या सामानातून आणि टपालातूनही आणायला तिथे बंदी आहे. ज्वारीच्या पोत्याशेजारी राहिलेले कापड त्यामुळे नुसते झटकून भागत नाही, ते कढत पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायला हवे. तसेच कोणतेही सामान वापरलेल्या तागाच्या पोत्यात किंवा बारदानात गुंडाळू नका, मग ते कितीही मजबूत असो.

यातच ओटीचा विषय येतो आणि तो मी मुद्दाम लांबवून सांगणार आहे, कारण इथे माझी स्वतःची चूक झाली होती. लेकीकडे निघताना माझ्या वहिनीने माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खण. नारळ आणि बहुतेक तांदूळ मी घरी काढून ठेवले, पण सवयीने चार दाणे पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले, आणि तेच लुगडे घडी घालून दुपट्यांच्या बॅगेत ठेवले. मेलबर्नला उतरताना सामानाचे जे घोषणापत्र भरून द्यायचे असते त्यात मी गोधड्या आणि लाकडी पोळपाट असल्याचे लिहिले होते, म्हणून मला तपासणीच्या टेबलाकडे नेले. तिथल्या बाईंनी हातमोजे घालून एकेक दुपटे उलगडले, हाताने चाचपले, आणि शेवटी त्या लुगड्याच्या पदराची गाठ त्यांच्या बोटांना लागली. गाठ सोडली तर टेबलावर कुंकू लागलेले सात तांदूळ पडले. त्यांनी ते चिमट्याने उचलून पिशवीत बंद केले आणि मला समज देऊन जाऊ दिले. मी घोषणापत्रात सामान लपवलेले नव्हते, म्हणून प्रकरण तिथेच मिटले, असे लेकीने नंतर मला समजावले. पण नातवाच्या दुपट्यांत आपण काय घेऊन आलो होतो याचा विचार करून मला त्या रात्री झोप आली नाही.

तेव्हा आईला सांगा की ओटी निघायच्या आदल्या दिवशी भरावी. तांदूळ आणि नारळ देवघरात आईच्याच हाती परत द्यावेत, तीही तेवढीच शुभ गोष्ट आहे. खण मात्र जरूर न्या. काठासह असलेला खणाचा चौकोन गोधडीच्या चार कोपऱ्यांवर फार शोभतो, आणि ओटीचा खण कुठे लावायचा हा प्रश्नही सुटतो. सुके खोबरेही चेक-इन सामानात घालू नका, ते तेलकट आणि पेट घेणारे मानले जाते. आणि शेंगांची चटणी, जी सोलापूरची म्हणून कोणी नेल्यावाचून राहत नाही, ती नेलीतच तर घोषणापत्रात लिहा आणि कापडाच्या बॅगेत कधीही ठेवू नका. चटणीचे तेल डब्याच्या झाकणातून पाझरते, सुताला लागते आणि इरकलीच्या लाल पदरावर पडलेला तेलाचा डाग मला तरी आजवर पूर्ण काढता आलेला नाही.

घोषणापत्रात काय लिहावे याचा नियम अगदी सरळ आहे. शंका असेल ते लिहावे. लाकडी रिंग, बांबूची काठी, बियांचे मणी, मोरपीस, घरची चटणी, सगळे. लिहून दिलेली वस्तू चालण्यासारखी नसली तर ती काढून घेतात, पण दंड होत नाही, आणि न लिहिता सापडली तर होतो.

धुण्याकडे वळते. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही हे तुम्ही चार महिने अनुभवले आहे, म्हणून धुण्याचे आधीच नियोजन करा. चौदा लुगडी एका दिवसात होणार नाहीत. जुन्या लुगड्यांत खळ असेल तर ती पूर्ण जाईपर्यंत खळबळून काढा, कारण कसर आणि झुरळे खळीवरच येतात. रंगाची परीक्षा धुण्याआधी घ्या. पांढऱ्या सुती फडक्याचे टोक कोमट पाण्यात भिजवून लुगड्याच्या काठावर आणि पदरावर दाबून चोळा. फडक्यावर लाल उतरला तर ते लुगडे वेगळ्या बादलीत आणि पुढे गोधडीतही फिक्या कापडापासून दूर. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असे आपल्याकडे सर्रास सांगतात, पण जो रंग सुटणारा आहे तो मिठाने थांबत नाही. इरकलीचा लाल पदर मी नेहमीच वेगळा काढून घेते. त्याचे दुसरेही कारण आहे. इरकलीच्या पदराचा ताणा वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. कापड जुने झाले की आधी तो जोडच सुटतो. जोडापासून चार बोटे अंतर ठेवून अंगाचे कापड कापावे, पदर अखंड ठेवावा आणि तो गोधडीच्या मधोमध लावावा. बाकी लुगडी नेण्यासाठी कापू नका. लांब कापड अस्तराला लागते आणि तुकडे तिथे गेल्यावरही करता येतात. जिथे बसण्याउठण्याने कापड जाळी झाले आहे तो मधला भाग फेकू नका, तो आतल्या थराला जातो.

वाळवून झाल्यावर लुगडी पूर्ण थंड होऊ द्या. तापलेले, किंचित दमट कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले की दोन दिवसांच्या प्रवासात त्याला कुबट वास येतो, आणि तो पुढे गोधडीत वर्षभर राहतो. हवा काढून चपट्या होणाऱ्या पिशव्या जागा वाचवतात, वजन एक ग्रॅमही वाचवत नाहीत. सुती लुगड्यांना त्या चालतात.

हत्यारांबद्दल. कात्र्या, टाके उसवण्याचे हत्यार, गोल पात्याचा कटर आणि त्याची सुटी पाती, दाभण, ही सगळी मोठ्या बॅगेत जातील. हातातल्या बॅगेत यातले काहीही नको. साध्या सुईबाबत काही देशांत मोकळीक आहे, पण मुंबईला सुरक्षा तपासणीत उभ्या असलेल्या जवानाचा शब्द अखेरचा असतो, आणि आजीची सुई त्याच्या टेबलावर सोडून येणे बरे नाही. पाती जाड पुठ्ठ्यात घालून वर चिकटपट्टी लावा, म्हणजे बॅग उघडणाऱ्याचा हात कापणार नाही. फवाऱ्याने मारायचा कापडाचा डिंक ज्वालाग्राही असतो आणि तो कोणत्याच बॅगेत चालत नाही. आपल्या कामाला तो लागतही नाही, कच्चा टाका त्याहून चांगला धरतो.

सुयांची मोजणी मात्र मनापासून करा. मी काडेपेटीच्या आकाराची पत्र्याची डबी ठेवते, आत लोकरीच्या कापडाचा तुकडा, त्यात सुया ओळीने खोवलेल्या, आणि झाकणावर आकडा लिहिलेला. आकडा जुळला नाही तर गोधडी गुंडाळायची नाही. गोधडी जमिनीवर पसरून, स्पीकरमधून काढलेले जुने लोहचुंबक हातात घेऊन, पालथ्या बाजूने कडेपासून मध्यापर्यंत सावकाश फिरवायचे. सुई थरांत अडकलेली असली तर चुंबक जागच्या जागी किंचित थबकते, आणि ते हाताला बरोबर जाणवते. एकदा माझ्या शिष्येच्या गोधडीत अशा रीतीने दोन सुया निघाल्या होत्या, त्यातली एक कोणाच्याही आठवणीत नव्हती.

साधनांचा विचार करताना मला नेहमी एक जुना समुद्रप्रवास आठवतो. १८४१ मध्ये ‘राजा’ नावाच्या जहाजातून इंग्लंडहून कैदी बायकांना ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील तस्मानिया बेटावर पाठवले गेले. निघताना एका समितीने त्यांना शिवणाचे सामान दिले होते. प्रत्येकीला १०० सुया, दोरे, अंगुस्तान, कात्री आणि दोन पौंड कापडाचे तुकडे. त्या बायकांनी वाटेत तुकडे जोडून एक मोठे पांघरूण शिवले, आणि ते आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात जपून ठेवले आहे. त्यात कापूस भरलेला नाही. दोन पौंड म्हणजे आपला किलोदेखील नाही, आणि तुमच्याकडे त्याच्या अनेक पट कापड असणार आहे. त्याच देशात पुढे मंदीच्या दिवसांत गरीब घरांतून पिठाची पोती आणि जुने कपडे जोडून पांघरुणे होत, त्यांना ‘वॅगा’ म्हणतात. मेलबर्नच्या शिवणमंडळांतल्या वयस्क बायकांना हा शब्द सांगून तुमची वाकळ दाखवा, दुसरे काही समजावून सांगावे लागणार नाही.

सीमाशुल्काचे गणित असे आहे. प्रौढ व्यक्तीला मद्य आणि तंबाखू वगळून ९०० ऑस्ट्रेलियन डॉलर किमतीपर्यंतचा माल करमुक्त नेता येतो, आणि एकत्र प्रवास करणारे कुटुंब आपापली मर्यादा एकत्र धरू शकते. मर्यादा ओलांडली तर वरच्या रकमेवरच नव्हे, त्या सगळ्या मालावर कर लागतो, हे ध्यानात ठेवा. स्वतःच्या मालकीच्या, बारा महिने किंवा अधिक वापरलेल्या वस्तू यात मोजत नाहीत. आईची पातळे तुम्हाला आता मिळाली आहेत, म्हणून काटेकोर पाहिले तर ती या सवलतीत बसत नाहीत, पण वापरलेल्या सुती पातळाची किंमत ती किती असणार. हातमागाच्या नव्या कापडाची आणि चादरीची बिले मात्र वरच्या कप्प्यात ठेवा. मागे राहिलेले काही टपालाने मागवले तर प्रवाशाची ही सवलत त्याला लागू होत नाही आणि जैवसुरक्षेचे नियम तसेच राहतात. म्हणून टपालाने फक्त धुतलेले कापडच पाठवायला सांगा.

बॅग भरताना तळाशी चादर, तिच्यावर नवे कापड, मध्ये गुंडाळी केलेली गोधडी, दोन्ही बाजूंना लुगडी आणि वर हत्यारांचा पुठ्ठा, असा क्रम ठेवा, म्हणजे उघडणाऱ्याला धारदार वस्तू आधी दिसतात. सोळा किलो होईल. मोठी बॅग तुटली, हरवली, उशिरा आली, तरी हाती काही राहावे म्हणून आजीचे एक लुगडे, जे तुम्हाला सर्वांत जवळचे असेल ते, हातातल्या बॅगेत घ्या. मुंबईपर्यंत रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाणार असाल तर कापडाची बॅग बर्थखाली सारताना तळाला मेणकापड बांधा, खाली कोणाचे पाणी सांडलेले असते ते अंधारात दिसत नाही.

प्रत्येक लुगड्याला एक चिठ्ठी हवी. शाईची नको, धुण्यात जाते. नाडीचा बोटभर तुकडा घेऊन त्यावर दोऱ्याने नाव आणि गाव शिवा आणि कोपऱ्यात टाचून ठेवा. शेजारी एक वही करून त्यात आईला आणि आत्यांना विचारून लिहा: हे कोणाचे, कोणत्या लग्नात घेतले, किती वर्षे नेसले, आणि डाग असेल तर कशाचा. ही माहिती देणारी माणसे इथे आहेत आणि तुमच्याकडे अजून दोन आठवडे आहेत. मशीन आणि कापूस विसरून त्यातले निम्मे दिवस या वहीला दिलेत तर मला आनंद होईल.

राहिली निम्मी गोधडी. आपण कडेने सुरुवात करून चौकटीत चौकट घालत आत येतो, त्यामुळे तुमच्या गोधडीच्या कडा बांधल्या गेल्या असतील आणि मधले थर मोकळे असतील. तसेच नेले तर प्रवासात ते सरकतील आणि तिथे शिवताना मध्ये झोळ येईल. म्हणून मोकळ्या भागावर वीतभर अंतराने उभे-आडवे कच्चे टाके घाला, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, म्हणजे नंतर काढताना दिसतील. घडी घालू नका, आजीच्याच एखाद्या लुगड्यावर ठेवून सैल गुंडाळा. दोऱ्याचे रीळ बदलू नका. ज्या रिळाने इथे शिवले त्याचीच आणखी चार रिळे घेऊन ठेवा, कारण पांढऱ्या दोऱ्याचाही पांढरा सगळीकडे सारखा नसतो, आणि जाडीतला फरक तर टाक्यात लगेच दिसतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी शेवटची ओळ आत्यांना घालू द्या. त्यांचा टाका तुमच्यापेक्षा बारीक आहे असे तुम्ही लिहिले आहे, तो तसाच दिसू द्या. ओळ संपल्यावर त्यांनी गाठ मारू नये. वीतभर दोरा मोकळा सोडावा, सुई काढून डबीत परत ठेवावी, आणि मेलबर्नला त्याच दोऱ्यात सुई ओवून तुम्ही पुढची ओळ सुरू करावी.